वही भावाच्या हातात द्या

कागल तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय. त्यांचा धाकटा भाऊ २६ वर्षांचा. तीन वर्षांपूर्वी उसाच्या ट्रॉलीवरून पडला, मणक्याला मार बसला, तेव्हापासून कमरेखाली ताकद नाही. त्यांच्या आणि शेजारच्या दोन गावांत मिळून चौदा-पंधरा दिव्यांग आहेत. ताई म्हणतात, ‘सगळ्यांचा मिळून एक गट करावा असं मनात आहे. पण अशा गटात नेमकं करतात काय? लोक म्हणतात, ३ डिसेंबरला, दिव्यांग दिनाला, फोटो काढण्यापुरतंच असतं ते. उपक्रम कोणते घ्यावेत आणि गटाच्या बातम्या लोकांपर्यंत कशा पोचवाव्यात?’

ताई, लोक म्हणतात त्यात तथ्य आहे, हे आधी कबूल करून टाकतो. आमच्या गटानं पहिली दोन वर्षं तेच केलं. डिसेंबर आला की हॉल, हार, पाहुणे, दोन व्हीलचेअर आणि चार कुबड्यांच्या जोड्या, पेढा, फोटो. दुसऱ्या दिवशी पेपरात पाहुण्यांची नावं असायची, आमच्यापैकी कुणाचंच नसायचं. जानेवारीत झोपलेला गट थेट नोव्हेंबरात जागा व्हायचा.

मी कॅलिपर (कमकुवत पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट) आणि जयपूर फूट बनवणाऱ्या कार्यशाळेत सव्वीस वर्षं काम केलं. माझा स्वतःचा डावा पाय पोलिओचा. माणूस दारातून आत आला की चेहऱ्याच्या आधी त्याची चाल बघायची ही सवय अजून सुटलेली नाही. तर अशा माणसानं, ज्याचं पोटच माप घेण्यावर चाललं, त्यानं तिसऱ्या वर्षी काय बघावं? आम्ही वाटलेली एक व्हीलचेअर बघायला करवीरमधल्या एका घरी गेलो, तर खुर्चीवर ज्वारीचं पोतं ठेवलेलं. घराचं दार जेमतेम दोन फुटांचं आणि खुर्ची सव्वीस इंच रुंद. ती आतच जात नव्हती. बाहेर ठेवली तर पावसात गंजते म्हणून पडवीत लावलेली, आणि रिकामी जागा दिसली की शेतकऱ्याच्या घरात तिच्यावर पोतं येणारच. कोल्हापूरच्या चप्पल लाईनीतला कारागीर पायाचं माप घेतल्याशिवाय चप्पल हातात देत नाही. आम्ही मात्र माणसाला खुर्ची देऊन मोकळे झालो होतो, आणि त्याची चार ओळींची बातमीही आली होती.

त्या दिवशी परत येताना रंकाळा स्टँडवर एक दोनशे पानी वही घेतली. आमचा गट खरा तिथून सुरू झाला असं मी मानतो. तुम्ही उपक्रम विचारलेत, मी वही सांगतोय, हे तुम्हाला कदाचित पळवाट वाटेल. पण उपक्रम कुठला घ्यायचा हे आम्ही त्यानंतर कधी डोकं खाजवून ठरवलं नाही. वहीनंच सांगितलं.

वहीत एका माणसाला एक आख्खं पान. नाव, गाव, अपंगत्व कशामुळे आलं, कधी आलं. दाखला आहे का, किती टक्क्यांचा, कायमचा की तात्पुरता, तात्पुरता असेल तर कुठल्या तारखेपर्यंत. साधन कुठलं वापरतो आणि ते आज कसं आहे, कारण ‘व्हीलचेअर आहे’ म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या खुर्चीचा एक ब्रेक तरी गेलेला असतो. दिवसा घरी कोण असतं. उंबरा किती इंच, दार किती इंच, संडास घरात की अंगणापलीकडे, देशी की कमोड. आणि पानाच्या तळाशी एकच चौकट: पुढचं काम काय, कुणी करायचं, कुठल्या तारखेला. ही चौकट रिकामी असेल तर ते पान मेलं असं समजा.

पंधरा घरं फिरून पंधरा पानं भरायला तुम्हाला दोन महिने लागतील. लागू द्यात. फोनवरून भरू नका. फोनवर प्रत्येक घर ‘सगळं ठीक आहे’ म्हणतं, उंबऱ्याची उंची तर कुणीच सांगत नाही.

आता खरी गोष्ट. ही वही तुम्ही घेऊ नका. भावाच्या हातात द्या.

तुमच्या पत्रात तुम्ही त्याच्याबद्दल बारा ओळी लिहिल्यात, पण त्याला स्वतःला गट हवाय का, याची एकही ओळ नाही. रागावू नका, हे प्रेमापोटीच होतं. घरात एखाद्याला असा अपघात झाला की आई, बहीण, बायको मिळून त्याचं सगळं करायला लागतात. पहिल्या वर्षी ते गरजेचंही असतं. पण तिसऱ्या वर्षीही पाण्याचा तांब्या हातात मिळत असेल, तर माणूस स्वतःला घरातली एक ठेवलेली वस्तू समजू लागतो. तुमच्या भावाचे पाय गेलेत, हात आणि अक्षर गेलेलं नाही. पंधरा जणांची पानं भरायची, तारखा लक्षात ठेवायच्या, कुणाला फोन करायचा, कुणाला झापायचं, हे त्याचं काम. गावं फिरायला त्याला रिक्षा किंवा कुणाची तरी गाडी लागेल. ती व्यवस्था तुम्ही करा. पण आत जाऊन प्रश्न विचारायचे ते त्यानंच. व्हीलचेअरवरच्या माणसानं ‘संडासला कसं जाता?’ विचारलं तर समोरचा खरं उत्तर देतो. तुम्ही-आम्ही विचारलं तर लाजतो.

ही माझी कल्पना नाही, कोल्हापूरची जुनी रीत आहे. इथली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था १९८४ मध्ये उभी राहिली ती नसीमा हुरजूक यांच्या पुढाकारानं, आणि त्या स्वतः व्हीलचेअर वापरणाऱ्या. उचगावला त्यांनी उभं केलेलं घरौंदा वसतिगृह एकदा भावाला घेऊन बघून या. भाषण ऐकायला जायची गरज नाही. उतार, दारं, ओट्यांची उंची एवढंच बघा आणि त्याला बघू द्या. खुर्चीवर बसणाऱ्या माणसानं आखलेली इमारत आणि उभ्या माणसानं कागदावर आखलेली इमारत यांतला फरक पाच मिनिटांत कळतो.

बैठकीचं सांगतो. महिन्याचा एक वार ठरवा आणि तो कधीच बदलू नका. आमचा दुसरा रविवार, सकाळी अकरा. अकरा अशासाठी की तोवर डेअरीला दूध घालून, जनावरांचं आवरून घरातलं माणूस सोडायला मोकळं झालेलं असतं, आणि दीड वाजता संपवलं की परतीची एसटी मिळते. लग्नसराई असो, यात्रा असो, दोनच माणसं आली तरी बैठक घ्यायची. एकदा पुढे ढकलली की ती कायमची पुढे जाते, हा अनुभव.

जागा तळमजल्यावरची. जिल्हा परिषदेची शाळा मिळाली तर उत्तम, बऱ्याच शाळांना उतार बांधलेला असतो. पण ‘उतार आहे’ या शब्दावर विश्वास ठेवू नका, टेप घेऊन जा. हिशेब सोपा आहे: जितकी उंची, त्याच्या बारापट लांबी. सहा इंचांची एक पायरी चढायची तर उतार सहा फूट लांब हवा. लोक दोन फुटांची फळी टाकतात आणि वर म्हणतात, ‘ढकलू की आम्ही!’ अशाच एका फळीवरून आमचा एक गडी मागे पडला, डोक्याला चार टाके. संडासचं दार निदान ऐंशी सेंटिमीटर मोकळं हवं. नसेल तर बैठक दीड तासात संपवा, कारण लांबून आलेली बाई सकाळपासून पाणी न पिता आलेली असते आणि ती ते कुणाला सांगत नाही. माझ्या मते बैठकीला बायका कमी का येतात, याचं पहिलं कारण हे आहे. घरचे पाठवत नाहीत, हे दुसरं.

प्रास्ताविक, दीपप्रज्वलन, स्वागतगीत यांतलं काही नको. पहिला अर्धा तास वही वाचायची. मागच्या महिन्यातल्या चौकटी मोठ्यानं वाचायच्या, झालं का नाही झालं एवढंच. हे कंटाळवाणं वाटेल, पण लोक येतात ते याच अर्ध्या तासासाठी, कारण स्वतःचं नाव निघणार असतं. मग एक विषय, आणि तो ज्याच्या अंगावरून गेलाय त्यानंच मांडायचा.

तुमच्या भावासारख्यांसाठी आमच्याकडे सगळ्यांत जास्त वेळा झालेला विषय म्हणजे बसून-झोपून होणाऱ्या जखमा. हे इथं जरा सविस्तर लिहितो, कारण गट व्हायला सहा महिने लागतील, जखम व्हायला एक रात्र पुरते. ज्या भागाला संवेदना नाही तिथं दाब पडून रक्त पोचत नाही आणि कातडी मरते. त्याला दुखत नाही, म्हणून त्याला कळत नाही. झोपलेला असताना साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. खुर्चीत असताना दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे वाकून किंवा हातांवर भार घेऊन बूड मोकळं करायचं, आणि ते क्षणभर नाही, मिनिट-दोन मिनिटं. माकडहाड, बुडाची दोन हाडं, टाचा, घोटे रोज बघायचे. आमच्यातला एकजण मोबाइलवर स्वतःच फोटो काढून बघतो, बायकोला विचारत बसत नाही. लाल डाग दिसला आणि दाब काढल्यावर अर्ध्या तासातही गेला नाही, तर त्या जागेवर बसणं बंद. आणि ट्रॅक्टरच्या किंवा गाडीच्या ट्यूबवर बसवू नका. गावोगाव हा उपाय सांगतात, मीही पूर्वी सांगायचो. ट्यूबच्या कडेनं गोल दाब पडतो आणि मधल्या कातडीचं रक्त उलट अडतं. चांगली उशी महाग असते हे खरं. पण जखम चिघळून दवाखान्यात पडावं लागलं की त्या पैशात दहा उशा आल्या असत्या, हा हिशेब आमच्या वहीत तीन पानांवर आहे.

लघवीचं तसंच. बाहेर जायचं म्हणून पाणी तोडणारे बरेच भेटतात. त्यानं लघवी घट्ट होते, जंतुसंसर्ग होतो, किडनीवर ताण येतो. दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळी घालून लघवी काढायची पद्धत डॉक्टरांकडून नीट शिकून घेतली की माणूस दिवसभर बाहेर राहू शकतो. डॉक्टर पद्धत शिकवतील, पण बसमध्ये, शेतात, लग्नाच्या मांडवात ते कसं जमवायचं हे मात्र तेच करणारा दुसरा माणूसच सांगू शकतो. गटाचा खरा उपयोग हा. आणि तुमच्या पंधरात कुणाला मानेला किंवा छातीच्या वरच्या भागात मणक्याला इजा असेल, तर त्या घराला एक गोष्ट सांगून ठेवा: अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला, तर आडवं करू नका. ताठ बसवा, लघवीची नळी दुमडलीय का किंवा पिशवी भरलीय का ते बघा, आणि लगेच दवाखाना गाठा. रक्तदाब भलताच चढलेला असतो.

कागदांकडे येतो. हा भाग मला आवडत नाही, पण टाळता येत नाही.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, स्वमग्नता, पार्किन्सन, अॅसिड हल्ल्यातले पीडित हे सगळे आता त्यात येतात. तुम्ही पंधरा मोजलेत ते बहुधा चालताना दिसणारे मोजलेत. पुन्हा मोजा. दर काही दिवसांनी रक्त घ्यावं लागणारं पोरगं, नववीत नापास होऊन घरी बसलेली आणि मंद म्हणून सोडून दिलेली मुलगी, ही तुमच्या गावात आहेत, तुमच्या आकड्यात नाहीत.

युडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करायची आणि मिळालेल्या तारखेला तपासणीला जायचं. जिल्ह्यातले बहुतेक लोक कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जातात. कार्ड रंगाचं असतं: ४० टक्क्यांच्या आत पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. बहुतेक सवलतींची दारं ४० ला उघडतात. म्हणून ३८ टक्के मिळालेला माणूस बैठकीत येऊन रडतो आणि कुणीतरी ‘ओळखीनं वाढवून देतो’ म्हणणारा त्याला बाहेर गाठतो. त्या माणसाला गटात पाय ठेवू देऊ नका. टक्केवारी पटली नाही तर रीतसर फेरतपासणी मागता येते, तो अर्ज कसा लिहायचा ते एकदा शिकून ठेवा. आणि तपासणीला जाताना गट म्हणून जा. चार जण, एक गाडी, एक डबा. एकटा माणूस एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरून दुपारी दोनला घरी येतो, पुन्हा जात नाही.

संजय गांधी निराधार अनुदान, एसटीतली सवलत, रेल्वेची सवलत, एडिप योजनेतून मिळणारी साधनं, हे सगळं आहे. एकेक विषय एकेका बैठकीला लावा, पुरे. गटाचा योजनांचा एजंट होऊ देऊ नका. कागद झाला की माणूस गट सोडतो, आणि राहतो तो फक्त ज्याचा कागद अडलाय. असा गट सतत वैतागलेला असतो.

एक गोष्ट मात्र गटानंच करायची, एकट्याला जमत नाही. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. विचारा बरं तुमच्या गावात, मागच्या वर्षी तो कशावर खर्च झाला. आमच्याकडे एका गावात उत्तर मिळालं, ‘सगळ्या दिव्यांगांना समान वाटला.’ प्रत्येकाच्या वाट्याला काही शे रुपये आले होते. कागदोपत्री चूक काही नाही. पण त्याच पैशात डेअरीच्या पायऱ्यांना उतार आणि शाळेत एक कमोड झाला असता. दुसऱ्या वर्षी आमचे सहा जण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला गेले. सभा वरच्या मजल्यावर होती. ते भांडले नाहीत, जिन्याखाली बसून राहिले. शेवटी सरपंच खाली आले, सभा खाली आली, आणि विषय पहिल्यांदा इतिवृत्तात लिहिला गेला. उतार पुढच्या उन्हाळ्यात झाला. जरा चढाचाच झालाय, बारापट काही नाही, पण रेलिंग आहे. माहिती मिळत नसेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहेच, मात्र तो शेवटी. गावात राहायचं असतं.

मतिमंद, स्वमग्न किंवा सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या आया गटात असतील तर त्यांच्यासाठी बैठकीनंतरचा अर्धा तास वेगळा ठेवा. त्यांचा प्रश्न आपल्यासारखा नसतो. आपण स्वतःचं बोलू शकतो. त्यांना रात्री झोप लागत नाही ती ‘माझ्यामागं याचं कोण’ यानं. मूल अठरा वर्षांचं झालं की आईबाप कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत, हे कित्येकांना बँकेत खातं उघडायला गेल्यावर कळतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते. अर्ज वेळेत करायचा. त्याच न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे, एक लाखापर्यंतची. शेंडा पार्कला चेतना अपंगमती विकास संस्थेची शाळा आहे, तिथं काम कसं चालतं ते अशा आयांना एकदा दाखवा. मुलाला तिथं घाला म्हणून नाही. आपलं मूल काय काय शिकू शकतं, याचा अंदाज येतो म्हणून.

आता जूनचा उपक्रम. कोल्हापुरात गट चालवायचा तर हा टाळून चालणार नाही.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात शिरोळ तालुक्यातल्या आमच्या एका सदस्य बाईंना बोटीनं बाहेर काढलं. बोटीतल्या मुलांनी जिवावर उदार होऊन काम केलं, त्याबद्दल शब्द नाही. पण बोटीत बाई आल्या, तीनचाकी घरात राहिली, कॅलिपर खुंटीला राहिलं. छावणीत आठ दिवस त्या एका सतरंजीवर. संडासला दोन पायऱ्या. दोघी बायका उचलून नेतील तेव्हाच जायचं. पूर ओसरल्यावर त्या मला म्हणाल्या, ‘पाण्याची भीती न्हाई वाटली ओ, त्या दोन पायऱ्यांची वाटली.’ तेव्हापासून आमच्या वहीला एक मागची बाजू आहे. नदीकाठच्या प्रत्येक सदस्याचं नाव, उचलायला किती माणसं लागतात, कुठल्या नातेवाइकाकडे जाणार, बरोबर काय न्यायचं. साधन आधी, मग माणूस, कारण साधन नसलेला माणूस छावणीत ओझं होतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत दाखला, कार्ड, औषधं, नळ्या, उशी.

पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. आमचा नियम असा की आमच्या माणसानं ३९ ची वाट बघायची नाही. चालणारा माणूस ४३ ला निघू शकतो, खुर्चीवरच्याला रस्ता कोरडा असतानाच निघावं लागतं. तुमच्याकडे दूधगंगा-वेदगंगेचं पाणी असतं, तिथल्या जुन्या माणसांना विचारून तुमची खूण ठरवा. कुठल्या देवळाची कितवी पायरी बुडाली की रस्ता जातो, हे त्यांना पाठ असतं. जूनच्या बैठकीत ही यादी वाचायची आणि एक प्रत तलाठ्याकडे द्यायची. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ नंबर प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये घालून द्यायचा. २०२१ च्या जुलैत ही यादी कामाला आली, पण पूर्ण नाही. दोघं निघालेच नाहीत, म्हशी सोडून जायचं नव्हतं. म्हशीचं पान आमच्याकडे नव्हतं. आता आहे.

बातम्यांचं विचारलंत. आधी गटातल्या गटात बातमी कशी द्यायची ते. लोक फुलांच्या किनारीचं रंगीत पोस्टर करून व्हॉट्सअपवर टाकतात. अंध सदस्याचा फोन तो फोटो वाचून दाखवू शकत नाही. टाइप केलेला मजकूर वाचतो. म्हणून प्रत्येक निरोप साधा टाइप करून. उलट कर्णबधिर सदस्याला तुमचा तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज काहीच सांगत नाही. बऱ्याच कर्णबधिरांना लांब मराठी वाक्यं जड जातात, त्यांची पहिली भाषा खुणांची. तर छोटी वाक्यं, तारीख-वेळ-ठिकाण वेगवेगळ्या ओळीत, आणि जमलं तर त्यांच्यापैकीच कुणी खुणांत केलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. आमच्याकडे गवंडीकाम करणारा एक मुलगा हे करतो. त्याच्या व्हिडिओत तो माझी चाल करून दाखवतो, ती माझी खूण आहे म्हणे. मला आधी राग आला होता.

पेपरला द्यायची बातमी तालुक्याच्या वार्ताहराला द्या आणि स्वतः लिहून द्या, नाहीतर ‘दिव्यांगांच्या चेहऱ्यावर फुलले हास्य’ हे ठरलेलं शीर्षक येतं. काय झालं ते लिहा: अमुक डेअरीला उतार झाला, चौदा जणांना आता स्वतः दूध घालता येतं. काय अडलंय तेही लिहा. घेणाऱ्याचा हात आणि देणाऱ्याचा हात एकाच चौकटीत असलेला फोटो आम्ही देत नाही. त्यापायी एक देणगीदार दुरावले, हे खरं. मुलांचे फोटो तर मुळीच नाही. ‘अपंग’ म्हणायचं की ‘दिव्यांग’, यावर तुमच्याकडेही वाद होईल. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी रेडिओवरून ‘दिव्यांग’ शब्द सुचवला आणि सरकारी कागदांवर तो रुळला. आमचे जुने लोक स्वतःला अपंगच म्हणतात, माझ्या अंगात काही दिव्य नाही म्हणतात. कागदावर दिव्यांग लिहा, समोरच्याला त्याच्या नावानं हाक मारा, विषय संपला.

नोंदणीची घाई करू नका. पैसे गोळा करायचे नसतील तर पहिलं वर्ष वहीवरच काढा. काही कमवायचं मनात आलं तर बचत गट करा. दिव्यांगांच्या गटाला सरकारच्या उमेद या बचत गटांच्या अभियानात पाच सदस्यही चालतात, दहाची अट नाही. आमच्यातल्या पाच जणी पापड-शेवयांचं करतात. फार काही सुटत नाही, पण हिशेबाला बसल्या की जो गलका असतो तो ऐकण्यासारखा आहे.

भाऊ तरुण आहे म्हणून एक सुचवतो. खेळाचा विषय काढून बघा. शेजारच्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९७२ च्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्ण घेऊन आले, आणि त्याच जिल्ह्यातल्या सचिन खिलारीनं २०२४ ला पॅरिसमध्ये गोळाफेकीत रौप्य. पदकाची स्वप्नं दाखवू नका, तेवढ्यासाठी सांगत नाही. पण तीन वर्षं खाटेवर असलेल्या पोराचे खांदे मजबूत असायला हवेत, खाटेवरून खुर्चीत स्वतः सरकता यायला हवं. डंबेल्सला तो हात लावेल, ‘व्यायाम कर’ म्हटल्यावर लावणार नाही.

आणि त्याला येत्या दुसऱ्या रविवारी आमच्याकडे पाठवा. तुम्ही बरोबर या, पण बैठकीत दुसऱ्या खोलीत बसा, तिथं चहा असतो. येताना तो आत्ता ज्यावर बसतो ती उशी आणा, मला ती बघायचीय. शाळेत मागच्या दारानं या. पुढच्या दाराला अजून दोन पायऱ्या आहेत. त्या पायऱ्यांचं काम वहीत पान ४१ वर आहे, तीन वर्षं झाली, तारीख आतापर्यंत सात वेळा बदललीय.